बँडमध्ये वाजवायला आवडतं, पण घरी एकटीने सराव करायचा कंटाळा येतो. काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: मी सोळा वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षांपासून क्लॅरिनेट वाजवते आणि अजून थर्ड क्लॅरिनेटवरच आहे, म्हणजे क्लॅरिनेटच्या तीन ओळींपैकी सगळ्यात खालच्या ओळीवर. आठवड्यातून तीन दिवस तालीम असते, त्या दिवसांची मी वाट बघत असते. पण घरी एकटीने बसले की दहा मिनिटांत कंटाळा येतो. परीक्षा जवळ आल्यात आणि घरचे म्हणतायत की बँड आता पुरे. मला खरंच संगीत आवडतं, की मैत्रिणींसोबत मजा येते म्हणून मी जाते? आणि अभ्यास, सराव, तालीम हे सगळं एका दिवसात बसवायचं कसं?

उत्तर:

तुझ्या प्रश्नातला जो भाग तुला सगळ्यात अवघड वाटतोय तो मला सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून आधी तोच निकाली काढते. तुला संगीत आवडतं. नुसतं मैत्रिणींना भेटायचं असतं तर त्यासाठी वाद्याची पेटी उचलून न्यावी लागत नाही, रीड (माउथपीसला लावायची पातळ पट्टी) ओली करत बसावं लागत नाही, आणि कंडक्टर ट्रम्पेटवाल्यांकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटून घेत असताना वाद्य मांडीवर ठेवून गप्प राहावं लागत नाही. तू हे सगळं करतेस आणि वर पुढच्या तालमीची वाट बघतेस. शिवाय सोबत वाजवण्याची मजा ही संगीताच्या बाहेरची काहीतरी हलकी मजा आहे, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? कंडक्टरचा हात वर जातो, चाळीस जण एकदम श्वास घेतात आणि पुढच्या क्षणी तो श्वास एकाच सुरात बाहेर पडतो. ही गोष्ट एकट्याने कितीही वाजवलं तरी मिळत नाही. तुला तीच हवी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग घरी कंटाळा का येतो? त्याचं कारण तुझ्या पानावर आहे. थर्ड क्लॅरिनेटचं पान एकदा तिऱ्हाइताच्या नजरेने बघ. चार बार (तालाची चार आवर्तनं) एकच लांब सूर. मग ऑफबीटवर, म्हणजे ठोक्यांच्या मधल्या जागी, आठ बार टक-टक. मग अठरा बार रेस्ट, म्हणजे गप्प. मग मध्येच सुरू होणारी अर्धी ओळ, जिची सुरुवात फ्लूटकडे आहे आणि शेवट हॉर्नकडे. पियानो शिकणाऱ्या मुलीच्या पानावर मेलडी असते, साथ असते, बास असतो. ती एकटी बसली तरी अख्खी रचना तिच्या हाताखाली असते. तुझ्या हाताखाली एक तुकडा असतो, आणि तोही मधला. नाटकातल्या एकाच पात्राची वाक्यं, बाकीच्यांची गाळून, रोज अर्धा तास वाचायला लावली तर कोणालाही जांभया येतील.

म्हणून मन घट्ट कर आणि रोज एक तास बसच, हा सल्ला मी तुला देत नाही. तो फार तर दोन आठवडे टिकतो. तुझ्यासाठी काम वेगळं आहे: घरच्या सरावात बाकीचा बँड आणून बसवायचा.

सुरुवात स्कोअरपासून कर. कंडक्टरच्या स्टँडवर जे जाडजूड पुस्तक असतं, ज्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात, ते. तालमीनंतर दहा मिनिटं बघायला मागितलंस तर कोणी नाही म्हणणार नाही. थर्ड क्लॅरिनेटवाली मुलगी आपण होऊन स्कोअर मागते, हे कंडक्टरच्या वाट्याला फार वेळा येत नाही. वाचताना पहिला गोंधळ हा होईल की सूर एकमेकांशी जुळतच नाहीत असं दिसेल. बँडमधली बरीच वाद्यं ट्रान्स्पोझिंग असतात, म्हणजे लिहिलेला सूर एक आणि ऐकू येणारा दुसरा. तुझं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं आहे. तू पानावरचा सी वाजवतेस तेव्हा ऐकू बी-फ्लॅट येतो. त्याच बी-फ्लॅटसाठी आल्टो सॅक्सोफोनच्या पानावर जी असतो, फ्रेंच हॉर्नच्या पानावर एफ, आणि फ्लूटच्या पानावर सरळ बी-फ्लॅट. ट्यूनिंगच्या वेळी ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट’ म्हटल्यावर तू सी का वाजवतेस, हेही इथेच सुटतं. एवढा हिशेब बसला की बाकी ओळी हळूहळू उलगडतात.

मग स्वतःच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचं: इथे हॉर्न माझ्यासोबत आहेत. इथे ओबोकडून ओळ उचलायची. इथे मेलडी फ्लूटकडे, मी दबून. इथे बास बदलतो, माझा सूर तोच राहतो. पुढच्या वेळी घरी ते चार बारांचे लांब सूर वाजवताना खाली बदलणारा बास डोक्यात वाजायला लागतो, आणि तोच सूर दर बारला वेगळा वाटायला लागतो. रचनेचं चांगलं रेकॉर्डिंग मिळालं तर आणखी उत्तम. आधी नुसतं ऐक, मग बोटं फिरवत ऐक, मग त्याच्यासोबत वाजव. शेवटी रेकॉर्डिंग बंद करून वाजव आणि बाकीचं मनात चालू ठेव. हा शेवटचा टप्पा खरा. तो जमला की रेस्टसुद्धा मोकळा राहत नाही.

आता एकच सूर जवळून बघू, कारण थर्ड क्लॅरिनेट म्हणजे नेमकं काय याचं उत्तर त्यात आहे.

समज, रचना बी-फ्लॅट मेजरच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, थांबली. त्यात तीन सूर: बी-फ्लॅट, डी, एफ. बी-फ्लॅट आणि एफ ट्यूबापासून ट्रम्पेटपर्यंत बरेच जण धरून असतात. मधला डी बहुतेक वेळा आतल्या ओळींकडे येतो. तुझ्या पानावर तो ई म्हणून लिहिलेला असेल. आता तू ट्यूनर लावून त्याची सुई अगदी मध्यावर आणलीस तरी बँडमध्ये तो कॉर्ड किंचित खरखरतो. ट्यूनर पियानोसारखे समान अंतराचे सूर दाखवतो. कानाला शांत वाटणाऱ्या मेजर कॉर्डमधला हा मधला सूर त्याहून साधारण १४ सेंट खाली असतो. एका सेमीटोनचे (लगतच्या दोन सुरांमधल्या सगळ्यात लहान अंतराचे) शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. वरचा एफ मात्र जवळपास जागेवर असतो, फक्त २ सेंट वर. म्हणजे कॉर्ड बसणार की नाही हे बरंचसं मधला सूर धरणाऱ्यांवर ठरतं. आणि तो सूर काढूनच टाकला तर? बी-फ्लॅट आणि एफ एवढेच उरले तर हा कॉर्ड मेजर आहे की मायनर हे कोणालाच सांगता येत नाही. रचना आनंदात थांबली की उदास होऊन, हे तुझ्या ईवर अवलंबून आहे.

माझ्या बँडच्या तालमीत मी कधीकधी फर्स्ट क्लॅरिनेट, फ्लूट आणि ट्रम्पेट या सगळ्यांना थांबवते आणि फक्त आतल्या ओळी वाजवून घेते: सेकंड, थर्ड, हॉर्न, टेनर सॅक्सोफोन. मेलडीवाल्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. आपल्या पायाखाली रोज हे चाललेलं असतं, याचा त्यांना पत्ताच नसतो. मग मी उलटं करते, आतल्यांना गप्प बसवून वरच्यांना वाजवायला सांगते, आणि मेलडी उघडी पडते. त्यानंतर ‘थर्डच आहे’ असं कोणी म्हणत नाही. निदान त्या आठवड्यात तरी नाही.

हा मधला सूर घरी सरावता येतो, आणि लाँग टोनचा, म्हणजे एकच सूर लांब धरण्याचा, कंटाळा घालवण्याचा मला माहीत असलेला हाच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. फोनवर ड्रोन लावायचं अ‍ॅप घे, त्यावर बी-फ्लॅट सतत चालू ठेव. ट्यूनर बंद. आधी पानावरचा सी वाजव, म्हणजे ड्रोनचाच सूर. किंचित बेसूर असशील तर आवाजात लाटा ऐकू येतील, वँव-वँव अशा. एक आवाज ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४२ चा असेल तर अशा लाटा सेकंदाला दोन येतात. जवळ गेलीस की त्या संथ होतात आणि सूर जुळला की थांबतात. मग ई वाजव आणि जबडा अगदी थोडा सैल सोडत सूर खाली येऊ दे. एका जागी ड्रोन आणि क्लॅरिनेट मिळून खोली भरल्यासारखी वाटेल, खरखर थांबेल. ती जागा ओठांना लक्षात ठेवायला लाव. पाच मिनिटं पुरे. यात कंटाळायला फुरसत मिळत नाही, कारण पूर्ण वेळ तू ऐकत असतेस.

याच्याच जोडीची एक खोड लक्षात ठेव. क्लॅरिनेट जोरात वाजवलं की सूर उतरू पाहतो, हळू वाजवलं की चढतो. फ्लूटचं नेमकं उलटं: जोरात चढतो, हळूत उतरतो. म्हणून क्रेशेंडोत, म्हणजे आवाज वाढवत नेताना, तुमचे दोन सेक्शन एकमेकांपासून दूर पळतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा बेसूर आहे. फ्लूटवाल्या मैत्रिणीसोबत बसून एकच सूर हळूपासून जोरापर्यंत नेऊन बघा. मैत्री आणि सराव, दोन्ही होतील.

दिवसाचं गणित त्यामानाने सोपं आहे. तालीम नसलेल्या दिवशी तुझ्या वयाला आणि तुझ्या ध्येयाला ३५ ते ४० मिनिटं पुरतात, आणि तीही दोन तुकड्यांत. ओठांचे स्नायू सलग वाजवून थकतात, आणि थकलेल्या ओठांनी वाजवलं की माणूस माउथपीस चावायला लागतो. ती सवय नंतर सुटता सुटत नाही. पहिला तुकडा घरी आल्यावर, अभ्यासाला बसायच्या आधी: ड्रोनची पाच मिनिटं, एखादी स्केल, आणि ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांमधला सांधा, ओलांडण्याचा सराव. दुसरा तुकडा अभ्यासाच्या मध्ये, डोकं जड झाल्यावर. त्यात फक्त बँडची रचना. वाद्य पेटीत बंद करून कपाटावर ठेवू नकोस. दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात ते कोरडं पुसून स्टँडवर राहू दे. पेटी उघडून पाच भाग जोडायचा कंटाळा हाच अर्धा कंटाळा असतो.

ब्रेकबद्दल थोडं जास्त सांगते, कारण थर्ड क्लॅरिनेटच्या पानांवर तो डोकेदुखी असतो आणि त्याला तुझा दोष समजू नकोस. क्लॅरिनेट एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीसारखं वागतं. त्यामुळे रजिस्टर की (वरच्या सुरांत नेणारी कळ) दाबली की सूर फ्लूट किंवा सॅक्सोफोनसारखा एका सप्तकाने वर जात नाही. सप्तक ओलांडून आणखी पाचव्या सुरावर जातो. ही जास्तीची दरी भरून काढायला जी, ए आणि बी-फ्लॅट हे घशातले सूर वाजवावे लागतात, आणि ते पातळ असतात. ए वाजवताना भोकं सगळी उघडी असतात आणि पुढचा बी वाजवायला जवळजवळ सगळी बोटं एकाच क्षणी खाली यावी लागतात. एक बोट उशिरा आलं की किंचाळी. उपाय जुना आहे आणि चालतो: घशातला ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीच भोकांवर ठेवून दे. सुराला फारसं काही होत नाही, उलट ए जरा भरीव होतो, आणि बीवर जाताना निम्मं काम झालेलं असतं. रोज ए-बी-ए-बी, संथ, लेगॅटो (सूर जोडून), हवा न तोडता, दोन मिनिटं. किंचाळी येते तेव्हा मुलं हवा कमी करतात, तू वाढव.

रचनेतला अवघड भाग पहिल्या बारपासून वाजवत जाऊन त्याच जागी रोज अडखळणं हा सराव नव्हे, तो अडखळण्याचा सराव आहे. अडतेस ते दोन बार काढ. शेवटच्या बीटपासून सुरू कर: आधी शेवटची बीट, मग शेवटच्या दोन, मग तीन, असं मागे मागे सरकत ये. म्हणजे तू नेहमी अनोळखीतून ओळखीच्या भागात शिरतेस. गती इतकी कमी की चूक होणं अवघड व्हावं. चुकीशिवाय तीनदा सलग आलं की मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) चार अंकांनी वर. थोडं जमल्यावर मेट्रोनोमचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडेल, असं लाव आणि पहिली बीट स्वतः सांभाळ. ऑफबीटचे ते आठ बार तेव्हा अचानक मजेशीर होतात.

रात्री उशीर झाला, वाजवता येत नाही, म्हणून दिवस वाया गेला असं मानू नकोस. पान समोर धर, क्लॅरिनेट हातात घेऊन बोटं फिरव, सूर मनात ऐक. हे समाधानासाठी सांगत नाही. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवरच्या पाच बोटांच्या साध्या व्यायामावर प्रयोग केला होता. एका गटाने पाच दिवस रोज प्रत्यक्ष वाजवलं, दुसऱ्याने तितकाच वेळ वाजवण्याची फक्त कल्पना केली. दोन्ही गटांमध्ये मेंदूतला बोटांचा भाग बदलला आणि कल्पना करणाऱ्यांचं वाजवणंही सुधारलं. प्रत्यक्ष वाजवणारे पुढेच राहिले, हे ओघाने आलं. तुझ्यासाठी अर्थ एवढाच की दहा मिनिटांचा मूक सराव हिशेबात धरायचा. मग झोप. बोटांनी शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते. पहाटे दोनपर्यंत अभ्यास करून सकाळी तालमीला येणाऱ्या मुलांची बोटं काल जमलेलं आज विसरलेली असतात, हे मी खुर्चीसमोर उभी राहून बघते.

दहा हजार तासांचं गणित कोणी तुझ्या तोंडावर मारलं असेल तर त्याचं मूळ सांगते. बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात सर्वांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरीने त्या आकड्याच्या आसपास होता. ती सरासरी होती. ओलांडायची रेषा नव्हती. आणि ती सगळी व्हायोलिनचं उच्च शिक्षण घेणारी मुलं होती. तेच विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त झोपायचे, हा भाग मात्र कोणी सांगत नाही.

तालमीच्या दिवशी घरी सराव करू नकोस. त्याऐवजी दहा मिनिटं लवकर पोच. थंड वाद्यावर ट्यून करण्यात अर्थ नसतो: नळीतली हवा एक अंश सेल्सियसने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो, म्हणजे थंड असताना जुळवलेलं क्लॅरिनेट थोड्याच वेळात चढलेलं असणार. आधी खालच्या सुरांत शांतपणे वाजवून ते गरम होऊ दे, मग बॅरल (माउथपीसखालचा छोटा भाग) किंचित बाहेर ओढून जुळव. लाकडी क्लॅरिनेट असेल तर गार हवेतून आणून एकदम जोरात फुंकू नकोस, लाकडाला चीर जाते. रीड चार ठेव, मागे पेन्सिलीने क्रमांक टाक आणि आळीपाळीने वापर. एकच आवडती रीड मरेपर्यंत वाजवणाऱ्यांवर ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच रुसते. तालीम संपली की रीड काढून सपाट केसमध्ये, स्वॉब (पुसायचं फडकं) आतून फिरवायचा आणि मग गप्पा. माउथपीसवर रीड तशीच ठेवून पेटी बंद करणाऱ्या मुलांच्या पेटीचा वास मी दुरूनही ओळखते.

लांब रेस्ट मोजताना बारचा क्रमांक पहिल्या बीटवर म्हण: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. बोटांवर मोजलंस तरी चालेल, शेजारणीच्या भरवशावर राहू नकोस; ती तुझ्या भरवशावर असते. मैदानात उभं राहून वाजवायची वेळ आली तर मात्र मागच्यांचं ऐकायचं आणि पुढच्यांच्या मागे धावायचं नाही. आवाज ३० मीटर यायला जवळपास ०.०९ सेकंद घेतो. १२० च्या गतीत सोळाव्या भागाचा सूर ०.१२५ सेकंदांचा असतो. म्हणजे तुझ्या मागे नसलेल्या, पुढच्या किंवा बाजूच्या लांबच्या ड्रमच्या आवाजावर तू वाजवलंस तर ते तुला बरोबर वाटेल आणि ऐकणाऱ्याला फाटलेलं ऐकू येईल. म्हणून ठोका मागून पुढे येऊ द्यायचा किंवा सरळ कंडक्टरच्या हाताकडे बघायचं.

तू ट्रम्पेटच्या पुढे बसत असशील, तर कानांचं एक सांगायलाच हवं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, अशी मर्यादा अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामगारांसाठी सुचवली आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात, आणि मागे ट्रम्पेट फोर्टिसिमो (खूप जोरात) वाजवत असतील तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. संगीतकारांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. ते आवाज दाबतात पण सूर गढूळ करत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटेल. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर पुढच्या तालमीची वाट न बघता आणच. हे ‘घाबरट’ दिसतं म्हणून टाळणारी मुलं बघितली की मला राग येतो.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांच्याशी संगीताच्या महतीवर वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. त्यांना काळजी वेळेची आहे, तेव्हा उत्तरही वेळेचंच दे. आठवड्याचा तक्ता कर: तीन तालमी, तालीम नसलेल्या दिवसांचे ते दोन-दोन तुकडे, बाकी अभ्यास. परीक्षेआधीच्या महिन्यात सराव रोज १५ मिनिटांवर आण, पण शून्यावर नको. काही आठवडे पूर्ण सुटलं की ओठांची ताकद आधी जाते, मग परतल्यावर सगळं कर्कश वाटतं, आणि ‘मला जमतच नाही’ या निष्कर्षावर यायला तेवढं पुरतं. पंधरा मिनिटांत ड्रोन, ब्रेक आणि आवडीचं काहीतरी एवढंच. अवघड बार परीक्षेनंतर.

सेकंडवर किंवा फर्स्टवर जावंसं वाटत असेल तर जरूर ऑडिशन दे, पण थर्ड सुटावं म्हणून नको. फर्स्टला वरचे सूर आणि उघडे सोलो असतात. ते वाजवावेसे वाटतात का, एवढाच प्रश्न स्वतःला विचार. खालच्या सुरांतला जाड, उबदार आवाज आवडतो म्हणून आयुष्यभर तिथेच राहिलेले फार चांगले वादक मी पाहिलेत. काही जण पुढे बास क्लॅरिनेटवर गेले आणि तिथे सुखात आहेत. यातून करिअर करायचं का, हे आज ठरवायची गरज नाही. बँडमध्ये वाजवणारे बहुतेक लोक पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी करतात आणि संध्याकाळी तालमीला येतात.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. परीक्षेमुळे ज्या तालमी चुकणार असतील त्यांच्या तारखा कंडक्टरला आत्ताच लिहून दे, आणि थर्डवर तुझ्यासोबत कोण आहे तिलाही सांग. तुम्ही दोघीच असाल तर त्या दिवशी मधला डी कोणाकडे द्यायचा, हे आधीच ठरवावं लागतं. कंडक्टर तो सेकंडमधल्या एकीला देतील किंवा टेनर सॅक्सोफोनला. पण न सांगता गेलीस तर तो कॉर्ड तालमीभर रिकामा राहतो आणि का बसत नाही ते शोधण्यात सगळ्यांची वीस मिनिटं जातात.